सुरगाठ आणि निरगाठ : निखळलेल्या बोटाविषयी

मागच्या वेळी आपण गुडघ्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय लहान आहे, बोटाएवढाच. बोटाचा सांधा निखळणं. आपल्याकडे कुणी म्हणतं बोट उतरलं, कुणी म्हणतं सटकलं, कुणी म्हणतं हाड सरकलं. नाव काहीही असो, घराघरांत त्यावर उपाय एकच ठरलेला असतो: धर आणि ओढ. आज मला या ओढण्याबद्दलच बोलायचं आहे.

परकराची नाडी आपण सगळ्याच बांधतो. सुरगाठ असेल तर एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ असेल तर जितकं ओढाल तितकी आवळते. आणि घाईत भलतंच टोक ओढलं, तर चांगल्या सुरगाठीची निरगाठ होते. मग दाताने सोडवा, नाहीतर कात्री आणा. बोटाच्या सांध्याचं हुबेहूब असंच आहे. काही सांधे सुरगाठीसारखे निखळतात, काही निरगाठीसारखे. निरगाठीचे थोडे असतात, पण वरून बघून ते ओळखू येत नाहीत, आणि ओढणाऱ्याला तर मुळीच येत नाहीत.

रेडिओवर मला चित्र दाखवता येत नाही. पण तुमचा हात तुमच्याजवळच आहे. भाकऱ्या थापत असाल तर पीठ राहू द्या हाताला, काही बिघडत नाही. मूठ वळा. वर चार उंचवटे दिसतील. लहानपणी ३१ दिवसांचे महिने आपण त्यांच्यावरच मोजले. ते बोटांच्या मुळाचे सांधे. त्यांच्यापुढे बोटाचा मधला सांधा आणि त्यापुढे नखाजवळचा. अंगठ्याला मात्र मुळाचा आणि नखाजवळचा असे दोनच. दाराच्या बिजागरीसारखे हे सांधे मुख्यतः एका दिशेनं वाकतात. दोन्ही बाजूंना त्यांना धरून ठेवणारे पट्टे असतात. तळहाताकडच्या बाजूला एक जाडसर, चिवट पट्टी असते. बोट मागे उलटं वळू नये म्हणून तिथे तिची राखण असते. डॉक्टर तिला व्होलर प्लेट म्हणतात. आज आपण तळपट्टी म्हणू. पुढची सगळी कथा या तळपट्टीची आहे.

बोटं मोडताना जो कट्ट आवाज येतो त्याचा निखळण्याशी संबंध नाही, हेही इथंच सांगून टाकते. तो सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या बुडबुड्याचा आवाज. त्यानं बोट उतरत नाही. सासूबाईंचा ओरडा खाण्यापलीकडे त्यात मोठा धोका नाही.

सगळ्यात जास्त निखळतो तो मधला सांधा, आणि तो निखळतो मागच्या बाजूला. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, कबड्डीत पकड करताना बोट दुसऱ्याच्या बनियनमध्ये अडकतं, गोठ्यात म्हशीचं दावं हाताला गुंडाळलेलं असतं आणि ती हिसका देते, दिवा–रोहा गाडीत चढताना हात दांड्याला आणि गर्दी मागून. बोट मागे उलटतं, तळपट्टी फाटते आणि पुढचं हाड मागच्या हाडावर चढून बसतं. दिसायला भयंकर दिसतं, पण यातले बहुतेक सांधे सुरगाठीतले. डॉक्टरनं बोट बधिर करून, योग्य दिशेनं दाब दिला की टक्कन बसतात.

इथेच खरी पंचाईत आहे. मैदानावर कुणीतरी बोट ओढतो आणि ते बसतं. गावातला जाणकार ओढतो आणि बसतं. बरीचशी बसतात, म्हणून ओढणाऱ्याचं नाव होतं. जी बसत नाहीत त्यांची गोष्ट पारावर कुणी सांगत नाही; ती चार दिवसांनी, तीन आठवड्यांनी आमच्यासमोर येऊन बसतात. मी हाडांची डॉक्टर आहे. (बाई आणि हाडांची डॉक्टर, असं अजूनही दारातच विचारलं जातं. हो, बाईच.) आणि न बसलेल्या बोटाची गोष्ट सांगणं हे माझंच काम आहे.

ही निरगाठ कशी पडते ते पाहू. पडताना आपण हात पुढे टेकतो. कधीकधी सगळा भार एका बोटावर येतो, बहुतेक तर्जनीवर, आणि ते मुळापासून मागे उलटतं. मुळाच्या सांध्यात तळहाताकडचं हाड गोल डोक्याचं असतं. ते डोकं तळपट्टी फाडून तळहाताच्या बाजूला बाहेर येतं, काजातून बटण यावं तसं. त्याच्या एका बाजूला बोट वाकवणाऱ्या शिरांचे दोर, दुसऱ्या बाजूला हातातल्या एका बारीक स्नायूचा दोर, आणि वर-खाली आडवे पट्टे. हाडाची मान या चौकटीत अडकते. तिकडे फाटलेली तळपट्टी सटकून नेमकी दोन हाडांच्या मध्ये जाऊन बसते, दाराच्या फटीत पायपुसणं अडकावं तशी. आता बोट ओढा. काय होईल? दोन्ही बाजूंचे दोर ताणले जातील आणि हाडाची मान अजून आवळली जाईल. पट्टी मधून निघणार नाहीच. म्हणजे ओढणं हा इथे उपाय नाही, ओढणं हाच फास आहे.

हे काही नवं ज्ञान नाही. फाराबफ नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकानं १८७६ मध्ये अंगठ्याच्या बाबतीत हे लिहून ठेवलं होतं, की साधा निखळलेला अंगठा आणि अडकलेला अंगठा यांत फरक करा. तर्जनीच्या मुळाचा सांधा नेमका कशात अडकतो हे न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल कॅप्लन यांनी १९५७ मध्ये उलगडून दाखवलं. म्हणून आजही डॉक्टर त्याला कॅप्लनचं निखळणं म्हणतात. पुस्तकात त्याला दुर्मीळ म्हटलेलं असतं. दुर्मीळ असतं म्हणूनच ते चुकतं. रोज दिसणारी गोष्ट कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. ही एकटी कुणी नव्हे. मी पाहिलेल्या तीन-चार जणींची मिळून मी एक केली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. ही पेणजवळ हमरापूर–जोहे भागात गणपतीच्या कारखान्यात काम करते. सुरुवात घासकामापासून केली. मूर्ती कागदानं घासून गुळगुळीत करायची, पुढे अस्तराचा रंग, मग पितांबर, दागिने. आता ती आखणी करते. रोह्याकडच्या ऐकणाऱ्या मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते, आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी मूर्ती कितीही सुरेख असली तरी डोळे चुकले तर गिऱ्हाईक ती उचलत नाही. हे काम सगळ्यांना जमत नाही आणि ज्याला जमतं त्याचे पैसे मूर्तीमागे ठरलेले असतात. ब्रश धरायला अंगठा आणि तर्जनी. उजवी तर्जनी.

श्रावणातली सकाळ. शेवाळलेली पायरी, कमरेवर कळशी. पाय सरकला, उजवा हात पुढे टेकला. उठून पाहते तर तर्जनी दुखते आहे, वाकत नाही, पण दिसायला फारशी वाकडीतिकडी नाही. जराशी मागे गेलेली, जराशी मधल्या बोटाकडे कललेली. सगळ्यांनी म्हटलं, मुरगळलंय. सासूबाईंनी तेल लावून ओढलं. शेजारच्या काकांनी ओढलं. संध्याकाळी शेजारच्या गावातल्या जाणकाराकडे नेलं, त्यानं दोनदा ओढलं, आंबेहळदीचा लेप दिला, बांबूची कामटी बांधली आणि तीन दिवसांनी या म्हणाला. चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर आली तेव्हा हात मनगटापर्यंत सुजलेला. मी हात उलटा करून तळवा पाहिला. तर्जनीच्या मुळाशी एक खळी पडली होती, आतून सुईनं टाका घालून दोरा ओढावा तशी.

ती खळी लक्षात ठेवा. पडल्यानंतर बोट वाकत नाही आणि तळहातावर बोटाच्या मुळाशी अशी खळी किंवा चुणी दिसते, याचा अर्थ हाड आतून कातडीला ओढून धरून बसलं आहे. निरगाठ पडली आहे. आणि दुसरी खूण म्हणजे ही उलटी गोष्ट, की अडकलेलं बोट साध्या निखळलेल्या बोटापेक्षा कमी वाकडं दिसतं. साधा सांधा निखळतो तेव्हा बोट मागे काटकोनात उभं राहतं, बघणारा किंचाळतो आणि लगेच दवाखान्यात नेतो. अडकलेलं बोट जवळजवळ सरळ असतं, म्हणून घरात कुणी घाबरत नाही.

त्या बाईचं शस्त्रक्रियेनंच बसवावं लागलं. छोटी शस्त्रक्रिया, पण नाजूक. तळहाताकडून उघडावं तर बोटाला संवेदना देणारी नस हाडाच्या डोक्यावर ताणून कातडीच्या अगदी खाली आलेली असते. सुरी जरा खोल गेली की ती कापली जाते. पाठीमागून उघडलं तर नस सुरक्षित, पण तळपट्टी मधोमध चिरून बाजूला करावी लागते. दोन्ही पद्धती चालतात, शस्त्रक्रिया करणारा हात कोणता आहे त्यावर ठरतं. त्या वर्षी तिच्या वाट्याच्या मूर्तींचे डोळे दुसरीनं काढले. पैसेही दुसरीला गेले, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी ती आखणीला बसली. ब्रश धरता येतो, मूठ मात्र पूर्वीसारखी घट्ट आवळत नाही.

तिचं बोट पडतानाच अडकलं होतं की ओढाओढीत अडकलं? चौथ्या दिवशी हे कुणीच सांगू शकत नाही. काही बोटं पडतानाच अडकतात. पण काही अर्धवट निखळलेली असतात, सुरगाठच असते, आणि ओढल्यावर दोन हाडांत फट पडते, त्या फटीत तळपट्टी शिरते. म्हणून डॉक्टर मुळाचा सांधा बसवताना ओढत नाहीत. आधी मनगट वाकवून दोर सैल करतात, मग पुढच्या हाडाचा पाया मागच्या हाडाला टेकलेलाच ठेवून त्यावरून पुढे ढकलतात. ड्रॉवर आत सरकवावा तसं. ओढायचं नाही, सरकवायचं. तेही एक-दोनदाच. बसलं नाही तर थांबायचं आणि शस्त्रक्रियेची तयारी करायची. ही गोष्ट मी तुम्हाला घरी करायला सांगत नाही, याची कृपा करून नोंद घ्या. दवाखान्यात कुणी जोर लावून परतपरत ओढत असेल तर 'थांबा' म्हणायची हिंमत यावी, म्हणून सांगते.

एक्सरेबद्दल बोलायलाच हवं. जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि २२ डिसेंबर १८९५ रोजी माणसाच्या शरीराचा पहिला गाजलेला फोटो काढला, तो कुणाचा होता माहीत आहे? त्यांच्या बायकोच्या हाताचा. बोटांची हाडं दिसतात आणि एका बोटात अंगठी. गंमत पाहा, एक्सरेचा इतिहास एका बाईच्या हातापासून सुरू होतो आणि आपल्याकडे बाईच्या हाताचाच एक्सरे काढायचा राहून जातो. 'बोटाला काय एक्सरे, उगाच खर्च!' नवऱ्यानं असं म्हणायच्या आधी बाई स्वतःच म्हणते.

एक्सरे काढताना एक गोष्ट आग्रहानं मागा. समोरून काढलेल्या फोटोत निखळलेला सांधा कधीकधी जवळपास ठीक दिसतो. बाजूनं काढलेल्या फोटोतच खरं कळतं. आणि चारही बोटं एकावर एक ठेवून बाजूचा फोटो काढला तर हाडांची खिचडी दिसते. म्हणून दुखावलेलं एकटं बोट वेगळं धरून बाजूचा फोटो काढायचा. बोट बसवल्यावर पुन्हा एक. बसवण्याआधीचा फोटो सांगतो की सोबत हाडाचा तुकडा उडाला आहे का. नंतरचा सांगतो की खरंच बसलं का.

तर्जनीच्या मुळाखेरीज अजून दोन-तीन विचित्र प्रकार आहेत. त्यांतला एक तर दिसायलाच चमत्कारिक: एकाच बोटाचे मधला आणि नखाजवळचा असे दोन्ही सांधे एकाच वेळी निखळतात आणि बोट जिन्याच्या पायरीसारखं दिसतं. बार्टेल्स नावाच्या डॉक्टरनं १८७४ मध्ये त्याची पहिली नोंद केली, आणि दीडशे वर्षं झाली तरी अजून एखादी केस आली की डॉक्टर ती मासिकात छापतात, इतकं ते क्वचित. यात फसगत अशी की सुजेमुळे एकच सांधा लक्षात येतो, तो बसवला जातो आणि दुसरा तसाच राहतो. नखाजवळचा सांधा निखळतो तेव्हा बहुतेकदा कातडी फाटते, कारण तिथे कातडी घट्ट आणि खाली मांस नाही. ही जखम साधी समजून हळद भरू नका. सांधा उघडा पडलेला असतो. आत मातीचा कण गेला तर पू होतो आणि सांधा जातो. स्वच्छ कापड झाका, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि त्याच दिवशी दवाखाना.

तिसरा प्रकार मला सगळ्यात फसवा वाटतो. मधला सांधा मागे न जाता पुढे, तळहाताकडे निखळतो. क्वचितच होतं. तो कधी आपोआप, कधी कुणी ओढल्यावर बसतोही. सगळे खूश. पण बोट सरळ करणारी पाठीवरची शीर तुटलेली असते आणि ते कुणी पाहिलेलं नसतं. दोन-तीन आठवड्यांत मधला सांधा वाकडा होत जातो, नखाजवळचा उलटा वर उचलला जातो. मग बोट कायमचं तसं. याच बोटाला पहिल्याच दिवशी मधला सांधा सरळ ठेवणारी पट्टी लावून साधारण सहा आठवडे ठेवली असती, तर बहुतेक वेळा वाचलं असतं. म्हणून बोट 'बसलं' म्हणून घरी राहू नका. बसलेलं बोटसुद्धा दाखवायचं असतं. उतरलेल्या बोटापेक्षा बसलेल्या बोटानं माझ्या पेशंटांचं जास्त नुकसान केलं आहे.

'हाड मोडलं नाही ना, मग झालं,' हे वाक्य तर मी रोज ऐकते. घरातल्या पुरुषमंडळींना पटवायचं असेल तर त्यांना रोहित शर्माची गोष्ट सांगा. ७ डिसेंबर २०२२, मीरपूरला बांगलादेशाविरुद्धचा सामना. स्लिपमध्ये झेल घेताना रोहितच्या अंगठ्याला लागलं. तो मैदान सोडून एक्सरेसाठी हॉस्पिटलात गेला. परत येऊन नवव्या क्रमांकावर खेळला, नाबाद ५१ केल्या, भारत ५ धावांनी हरला. त्याची ती खेळी सगळ्यांच्या लक्षात आहे. पण सामन्यानंतर त्यानं सांगितलं की अंगठा निखळला होता, टाके पडले, हाड मोडलेलं नव्हतं. हाड मोडलेलं नसतानाही तो त्यानंतरच्या दोन्ही कसोटी सामन्यांत खेळू शकला नाही. ज्याच्यासोबत चोवीस तास डॉक्टर असतात त्याची ही कथा. आपल्याला मात्र त्याच संध्याकाळी धुणं पिळायचं असतं.

आता हाडवैद्यांबद्दल. मला त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचं नाही. ही विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत हाड मोडणं वेगळं आणि सांधा निखळणं वेगळं सांगितलं आहे. निखळण्याला 'संधिमुक्त' म्हटलं आहे आणि त्याचे सहा प्रकार केले आहेत. बोटासाठी तर स्वतंत्र सल्ला आहे: बोट आधी सरळ जागेवर बसवावं, मग बारीक पट्टीनं गुंडाळावं, वर तुपाचं सिंचन करावं. क्रम बघा. आधी जागेवर, मग बांधणं. जागेवर बसलं की नाही हे त्या काळी हातानंच ओळखावं लागे. आज ते पेणला, रोह्याला एका फोटोत कळतं. जो जाणकार 'आधी फोटो काढून आणा, मग बघू' म्हणतो त्याला माझा नमस्कार. आणि असे आहेत.

घरात, शेतात, कारखान्यात असं झालं तर नेमकं काय करायचं ते सांगते. पहिली गोष्ट, अंगठी आणि बांगड्या काढा. लगेच, पहिल्या पाच मिनिटांत, सूज चढायच्या आत. साबण किंवा तेल लावून हळूच फिरवत काढा. ती काढण्यासाठीही बोट ओढू नका. निघत नसेल तर दवाखान्यात कापून घ्या. सोनं म्हणून जीव तुटतो, मला कळतं. पण अंगठी सोनार पुन्हा जोडून देतो. रक्त बंद होऊन काळं पडलेलं बोट कुणी जोडत नाही. मग हात आहे त्या स्थितीत पुठ्ठ्यावर किंवा मुलांच्या पट्टीवर ठेवून सैल बांधा. बोट सरळ करायचा हट्ट नको. बर्फ असेल तर रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. हात छातीच्या वर, ओढणी किंवा पदराची झोळी करून. चोळायचं नाही, शेकायचं नाही. बोटाचं टोक पांढरं किंवा निळं पडलं, बधिर झालं, किंवा कातडी फाटली असेल तर सकाळची वाट बघू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर ओढण्याचा विचारही नको. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो, आणि निखळलंय असं वाटतं तिथे बऱ्याचदा तो थरच सरकलेला असतो.

पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय. एक्सरे काढून घ्या. शस्त्रक्रिया लागणार असेल तर पुढे पाठवतील, त्याला घाबरू नका. आधार आणि रेशन कार्ड सोबत असू द्या आणि महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथेच विचारा. धाटावच्या कारखान्यात कामावर लागलं असेल तर अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. मोजा पट्ट्यात अडकून बोट ओढलं गेलं तरी तो अपघातच. 'बोटच तर आहे' म्हणून नोंद टाळतात, आणि तीन महिन्यांनी बोट वाकत नाही तेव्हा हातात कागद नसतो.

उशीर झाला असेल तरी या, हेही सांगितलं पाहिजे. दिवस जातात तसा सांधा आत भरून येतो, कूर्चा झिजते, तीन आठवड्यांनंतर बसवणं फार कठीण होतं. पण काहीच होत नाही असं नाही. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी हाताच्या हाडांसाठी बाहेरून तारा आणि दांड्या लावून सांधा हळूहळू सैल करायची आणि धरून ठेवायची पद्धत शोधली. 'जेस' या नावानं ती ओळखली जाते. जुन्या, आखडलेल्या सांध्यांना तिचा उपयोग होतो. वेळ आणि चिकाटी मात्र लागते.

बोट बसवल्यानंतरचं अर्धं काम तुमचं. बहुतेक साध्या निखळण्यात दुखावलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधतात. त्यामुळे आधारही मिळतो आणि हालचालही होते. पुढे निखळलेल्याला वेगळी पट्टी, मुळाच्या सांध्याला वेगळी. म्हणून शेजारणीच्या पट्टीशी आपल्या पट्टीची तुलना करू नका. आणि भीतीनं महिनाभर बोट बांधून ठेवू नका. हाताचा मधला सांधा फार लवकर आखडतो. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून कोमट पाण्यात हात बुडवून बोट आपलं आपण वाकवायचं, सरळ करायचं. दुसऱ्यानं दाबून वाकवायचं नाही. आधी मऊ फडकं मुठीत दाबायचं, मग कणीक. कणीक मळणं हा उत्तम व्यायाम आहे, पण पहिले दिवस पाचसहा पोळ्यांपुरती. कपड्यांचे पिळे, पाण्याने भरलेली बादली, उखळ आणि म्हशीचं दावं हे सगळ्यात शेवटी, आणि तेही विचारून.

आणि एक प्रश्न प्रत्येक बाई शेवटी दारातून वळून विचारते: सूज कधी जाणार? सांध्याची जाडी जायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. दुखत नसेल आणि वाकत असेल तर त्या जाडीची काळजी करू नका. काहींचं बोट थोडं जाड राहतंच आणि जुनी अंगठी चढत नाही. वर्षभर थांबा, मग सोनाराकडे जाऊन अंगठी एक माप वाढवून घ्या. त्याच्या आधी वाढवलीत तर दोनदा पैसे जातील.